एवढा मोठा डॉक्टर खोटं कशाला सांगेल?

आपल्या घरांत कोणताही वाद मिटवणारं एक वाक्य आहे : "डॉक्टरांनी सांगितलंय." भात कमी करायचा असो, लोणचं बंद करायचं असो की आजीचा एकादशीचा उपवास सोडवायचा असो, या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. हा विश्वास उगाच आलेला नाही. बेळगावात अजून कितीतरी घरांत तीन पिढ्यांचा एकच डॉक्टर आहे. कुणाला कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे, कोण पथ्याबाबत थापा मारतं आणि कुणाच्या छातीत दुखण्यामागे खरं तर घरातलं भांडण आहे, हे सगळं त्याला पाठ असतं. त्याच्या शब्दाला वजन आहे ते या ओळखीमुळे.

हाच डॉक्टर दवाखान्यातून उठून टीव्हीच्या पडद्यावर जाऊन बसला तर त्या वजनाचं काय होतं? या प्रश्नाचं सर्वांत नीट नोंदलं गेलेलं उत्तर अमेरिकेत सापडतं, आणि त्या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या बेंगळूरपर्यंत येतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वैद्यकाचा माझा अभ्यास नाही. पण कुणी आकडा सांगितला की तो कुठून आला हे शोधणं माझं रोजचं काम आहे. या प्रकरणातली बहुतेक कागदपत्रं उघड्यावर आहेत. सिनेटमधली सुनावणी, सरकारी आयोगाची तक्रार, मूळ शोधनिबंध आणि तो मागे घेतल्याची सूचना, हे सारं कुणालाही वाचता येतं.

हृदयाचा सर्जन, टीव्हीचा तारा

डॉ. मेहमेट ओझ हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. तुर्कस्तानातून अमेरिकेत आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा. हार्वर्डमध्ये शिक्षण, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून वैद्यकाची आणि व्यवस्थापनाची पदवी, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हृदयशल्यचिकित्सक आणि प्राध्यापक. माणूस बनावट नव्हता. त्यांनी प्रत्यक्ष शस्त्रक्रिया केल्या आणि शोधनिबंध लिहिले. ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात ते पाहुणे म्हणून वारंवार येऊ लागले आणि अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचले. २००९ मध्ये त्यांचा स्वतःचा दैनंदिन कार्यक्रम सुरू झाला, तो २०२२ च्या सुरुवातीपर्यंत चालला.

कार्यक्रमात चांगलंही बरंच असायचं. रक्तदाब तपासा, झोप पुरी घ्या, भाज्या खा, हे सल्ले कोणताही डॉक्टर देईल. पण त्याच खुर्चीवरून, त्याच आवाजात, चरबी वितळवणाऱ्या कॅप्सूलही सांगितल्या जायच्या. ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळायचा कसा? माणूस तोच, पदवीही तीच.

२०१२ च्या एप्रिलमध्ये ओझ यांनी हिरव्या कॉफीच्या अर्काची ओळख करून दिली. न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा हा अर्क. ही इवलीशी बी म्हणजे वजन घटवण्याची जादू आहे आणि ती कोणत्याही शरीरयष्टीला चालते, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. कार्यक्रम झाला आणि दुकानांत, इंटरनेटवर हिरव्या कॉफीच्या बाटल्यांची झुंबड उडाली. टीव्हीवर त्यांनी नाव घेतलं की माल उडायचा, आणि या प्रकाराला तिकडे 'ओझ इफेक्ट' असंच नाव पडलं होतं.

त्या दिवशी कार्यक्रमात पाहुणे म्हणून आलेले निसर्गोपचारतज्ज्ञ होते लिंडसे डंकन. कार्यक्रमाकडून विचारणा होईपर्यंत या अर्काने वजन घटतं, ही गोष्ट त्यांच्या परिचयाची नव्हती, असं अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने पुढे आपल्या तक्रारीत म्हटलं. त्यांनी 'मला याची माहिती आहे' असं कळवलं आणि स्वतःच तो अर्क विकायची तयारी सुरू केली. २०१५ च्या जानेवारीत डंकन आणि त्यांच्या कंपन्यांनी ९० लाख डॉलर भरण्याचं मान्य करून हे प्रकरण मिटवलं.

बेंगळूरची सोळा माणसं

आता प्रश्न असा, की या जादूला आधार कसला होता? आधार होता एका शोधनिबंधाचा. तो २०१२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला होता आणि त्यासाठीचा प्रयोग झाला होता बेंगळूरला.

प्रयोगात किती माणसं असतील? सोळा. आमच्या ऑफिसच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं चहाच्या रांगेत उभी असतात. या सोळा जणांना आळीपाळीने अर्काचा मोठा डोस, छोटा डोस आणि कसलंच औषध नसलेली गोळी दिली, आणि २२ आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी आठ किलोंनी घटलं, असा दावा होता. तोही आहारात काही बदल न करता. यावर कुणीही म्हणेल, वा!

पैसा होता टेक्सासमधल्या एका कंपनीचा, जी हाच अर्क बनवून विकत होती. पुढे व्यापार आयोगाने चौकशी केली तेव्हा जे बाहेर आलं ते वाचताना माझ्यातला इंजिनिअर हादरला. आयोगाच्या म्हणण्यानुसार मुख्य संशोधकाने माणसांची वजनं आणि इतर मापं वारंवार बदलली होती. प्रयोग किती दिवस चालला तेही बदललं होतं. कोणाला खरा अर्क दिला आणि कोणाला खोटी गोळी, याचीही गल्लत होती. आणि 'काही न करता वजन घटलं' म्हणतात त्या माणसांना प्रत्यक्षात कमी खा आणि व्यायाम वाढवा, असं सांगितलेलं होतं!

भारतातल्या संशोधकाला हा निबंध छापून आणता आला नाही, तेव्हा कंपनीने अमेरिकेतल्या स्क्रॅन्टन विद्यापीठातले दोघे संशोधक तो नव्याने लिहायला घेतले. त्यांच्यापुढे आलेल्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या, तरीही त्यांनी मूळ नोंदी पडताळल्या नाहीत. आमच्या कामात याला काय म्हणतात ते सांगतो. एकाने डेटा भरला, दुसऱ्याने तो न तपासता रिपोर्ट बनवला, तिसऱ्याने तो रिपोर्ट पाहून जाहिरात केली. शेवटच्या पायरीवरचा माणूस प्रामाणिक असला तरी चूक तशीच पुढे जाते, आणि प्रत्येक पायरीवर ती अधिक खरी वाटू लागते. वहीतल्या खाडाखोडीचा निबंध झाला, निबंधाचा 'शास्त्रज्ञ म्हणतात' झाला आणि शेवटी त्याला कोलंबियाच्या सर्जनचा चेहरा मिळाला.

२०१४ च्या सप्टेंबरमध्ये त्या कंपनीने ३५ लाख डॉलर भरण्याचं मान्य केलं. पुढच्याच महिन्यात त्या दोघा लेखकांनी, माहितीच्या खरेपणाची खात्री देता येत नाही असं सांगत, निबंध मागे घेतला. कार्यक्रम प्रसारित होऊन तोवर अडीच वर्षं झाली होती. बाटल्या विकून झाल्या होत्या.

त्याआधी, १७ जून २०१४ ला ओझ यांना अमेरिकन सिनेटच्या ग्राहक संरक्षणाशी संबंधित उपसमितीपुढे बोलावलं गेलं होतं. अध्यक्ष होत्या मिझुरीच्या सिनेटर क्लेअर मॅकास्किल. त्यांनी ओझ यांचीच वाक्यं त्यांना वाचून दाखवली आणि तुम्ही हे का बोलता, असं विचारलं. ओझ यांचा बचाव साधारण असा होता : माझी भाषा फुलोऱ्याची असते हे कबूल, या गोष्टी शास्त्राच्या काट्यावर बऱ्याचदा टिकत नाहीत हेही कबूल, पण माझा त्यांच्यावर विश्वास आहे, प्रेक्षकांचा उत्साह वाढवणं हे मी माझं काम समजतो, आणि मी स्वतः यातलं काहीही विकत नाही. माझं नाव आणि फोटो परवानगीशिवाय वापरून लोक माल विकतात, ही त्यांची तक्रारही खरी होती. पण नाव वापरलं जातं, कारण त्या नावाने अगोदर शब्द दिलेला असतो.

आमसुलाचा भाऊ

त्याच २०१२ सालात ओझ यांच्या कार्यक्रमाने आणखी एक चरबीहारक गाजवला, गार्सिनिया कॅम्बोजिया. नाव ऐकून कुठल्या ॲमेझॉनच्या जंगलातलं फळ वाटेल. पण हा तर आपला सोयरा! ज्याच्या सालीचं आपण आमसूल करतो, ज्याची सोलकढी पितो, तो कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. कॅम्बोजिया हा त्याचाच भाऊ. केरळात याच फळाची वाळवलेली साल माशाच्या कालवणात घालतात, तिला कुडमपुळी म्हणतात. आणि आपल्यापासून जवळच, शिरसीच्या बाजूच्या जंगलांत तो उप्पगे या नावाने ओळखला जातो.

या फळांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. त्याने शरीरात चरबी बनण्याची क्रिया मंदावते, असं प्रयोगशाळेतल्या कामावरून वाटलं होतं. पण परीक्षानळीत किंवा उंदरात जे घडतं ते माणसात घडेलच असं नसतं, म्हणून माणसांवर प्रयोग करावा लागतो. तो झालाही होता. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या संशोधकांचा अभ्यास छापून आला. १३५ माणसं, १२ आठवडे, निम्म्यांना गार्सिनियाचा अर्क, निम्म्यांना खोटी गोळी, आणि कोणाला काय दिलंय हे कोणालाच माहीत नाही. निकाल? अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी घटलं. खोटी गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलोंनी! संख्याशास्त्राच्या हिशेबात दोन्हींत फरक नाही, म्हणजे अर्काचा उपयोग शून्य. सर्वांना एकच कमी उष्मांकाचा आहार दिला होता, आणि जे काही घटलं त्याचं श्रेय आहाराला.

हा निकाल कार्यक्रमाच्या तब्बल चौदा वर्षं आधी छापलेला होता. शोधायला कुणा गुप्तहेराची गरज नव्हती.

यात फक्त पैसे गेले असते तर गोष्ट निराळी होती. पण गार्सिनिया असलेल्या कॅप्सूल घेतल्यानंतर यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणं अमेरिकेत नोंदली गेली आहेत. इथे मी घाईने सांगतो, की घरातल्या आमसुलाला कुणी घाबरू नये. आमटीत दोन आमसुलं टाकणं वेगळं आणि त्यातलं एकच द्रव्य काढून, घट्ट करून, कॅप्सूलमध्ये भरून दिवसातून तीनदा महिनोन्‌महिने घेणं वेगळं. 'नैसर्गिक आहे, काय होणार' हे वाक्य पहिल्या बाबतीत बरोबर आहे. दुसरीला ते लागू होत नाही.

२०१८ मध्ये हिरवी कॉफी आणि गार्सिनिया या दोन्ही उत्पादनांवरून ग्राहकांनी केलेला सामूहिक दावा ओझ आणि संबंधित कंपन्यांनी ५२.५ लाख डॉलर देऊन, चूक मान्य न करता, मिटवला.

आठवड्याला साठ सल्ले

एवढा हुशार माणूस असं का करतो? लोभ, असं एका शब्दात उत्तर देणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कॅनडातल्या काही संशोधकांचा लेख आला. त्यांनी ओझ यांच्या कार्यक्रमाचे ४० भाग निवडून बारकाईने पाहिले. एका भागात सरासरी १२ सल्ले दिले जात होते. त्यांतले ८० ठळक सल्ले घेऊन त्यांनी प्रत्येकासाठी पुरावा शोधला. ४६ टक्के सल्ल्यांना काही ना काही पुरावा होता. १५ टक्के सल्ल्यांच्या बाबतीत पुरावा उलट सांगत होता. उरलेल्या ३९ टक्क्यांसाठी पुरावाच सापडला नाही. 'द डॉक्टर्स' नावाच्या दुसऱ्या कार्यक्रमाचा निकाल थोडा बरा, पण तोही फार अभिमानाचा नव्हता.

यातला १२ हा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. कार्यक्रम आठवड्याचे पाच दिवस. म्हणजे आठवड्याला साठ सल्ले, महिन्याला सुमारे अडीचशे. वैद्यकशास्त्रात महिन्याला अडीचशे नवे शोध लागत नाहीत. आरोग्याचं खरं ज्ञान एका पोस्टकार्डावर मावेल : तंबाखू सोडा, चाला, मीठ-साखर आवरा, झोपा, लसी घ्या, लिहून दिलेली औषधं चुकवू नका. हे सांगायला एक भाग पुरतो. पुढच्या शेकडो भागांत काय सांगायचं? तिथे मग 'जादू' येते, 'रहस्य' येतं, 'डॉक्टर तुमच्यापासून काय लपवतात' येतं.

आम्ही ॲप बनवतो तेव्हा एकाच बटणावर दोन प्रकारचा मजकूर लावून पाहतो आणि ज्यावर जास्त लोक बोट ठेवतात तो कायम करतो. त्यात कुणी वाईट हेतूने बसलेलं नसतं. पण मोजायचं फक्त 'किती जणांनी बोट ठेवलं' हेच असेल, तर काही महिन्यांत ॲप भडकच होणार. टीव्हीचंही तसंच आहे. तिथे प्रेक्षकसंख्या मोजतात, बरे झालेले रुग्ण मोजत नाहीत. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरचा सल्ला चुकला तर रुग्ण आठ दिवसांनी पुन्हा दारात उभा राहतो. पडद्यावरच्या डॉक्टरकडे तो कधीच परत येत नाही. चूक कळण्याचा रस्ताच बंद होतो, आणि मग चांगला डॉक्टरही हळूहळू वाहवत जातो.

पुढे ओझ राजकारणात गेले. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातून सिनेटची निवडणूक हरले, आणि २०२५ मध्ये वृद्धांच्या आणि गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकन संस्थेचे प्रमुख झाले. टीव्हीवर मिळवलेलं नाव किती दूरवर पोहोचवतं, हे यातून कळावं.

आमच्या काकांचे तीन आठवडे

हे सगळं अमेरिकेतलं झालं. मी या विषयात शिरलो तो मात्र आमच्या अनगोळच्या काकांमुळे. वय अडुसष्ट, बँकेतून निवृत्त, पंधरा वर्षांचा मधुमेह. काका अडाणी नाहीत. रोज दोन वर्तमानपत्रं वाचतात, पैसे मोजून घेतात, भाजीवालीशीही हिशेबाने वागतात. गेल्या वर्षी त्यांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. देशातले एक नामवंत हृदयरोगतज्ज्ञ समोर बसून सांगत होते की साखरेच्या गोळ्यांनी मूत्रपिंड खराब होतं, आणि अमुक थेंब घेतले तर महिन्याभरात गोळ्या सुटतात. खाली मागवण्याचं बटण होतं.

काकांनी थेंब मागवले आणि गोळ्या बंद केल्या. काकूला सांगितलं नाही, कारण ती ओरडली असती. तीन आठवड्यांनी सकाळी उठताना त्यांना भोवळ आली. सारखी तहान, सारखी लघवी, बोलणं अडखळत होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर चारशेच्या वर. दोन दिवस सलाईन आणि इन्शुलिन. काकू त्या दोन दिवसांत एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर तिने ती थेंबांची बाटली मोरीत रिकामी केली.

मी बेंगळूरहून रात्रीच्या बसने आलो होतो. काकांना विचारलं, "काका, तुमच्या डॉक्टरांना एक फोन का नाही केला?" ते म्हणाले, "अरे, त्यांच्यापेक्षा हा डॉक्टर मोठा. देशभर नाव आहे. एवढा मोठा डॉक्टर खोटं कशाला सांगेल?"

त्यांच्या फोनवर तो व्हिडिओ अजून होता. मी दोनदा पाहिला. ओठ आणि आवाज किंचित मागेपुढे होत होते, डॉक्टर मान वळवत तेव्हा हनुवटीची कड हलत होती, आणि हिंदी उच्चार कुठे फार शुद्ध तर कुठे यांत्रिक. संगणकाने बनवलेला व्हिडिओ होता तो. त्या डॉक्टरांनी असं काहीही म्हटलेलं नव्हतं. एखाद्याची भाषणं इंटरनेटवर असली की काही मिनिटांच्या नमुन्यावरून त्याचा आवाज बनवता येतो, आणि जुन्या मुलाखतीच्या चित्रावर नवे ओठ बसवता येतात. हे करायला आता मोठा स्टुडिओ लागत नाही.

हा प्रकार एकट्या काकांच्या वाट्याला आलेला नाही. डॉ. देवी शेट्टी आणि डॉ. नरेश त्रेहान यांच्यासारख्या डॉक्टरांना आपल्या नावाचा आणि चेहऱ्याचा असा गैरवापर थांबवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या डॉक्टर हिलरी जोन्स आणि मायकल मोस्ली यांचे बनावट व्हिडिओ फिरले. मोस्ली यांचं २०२४ मध्ये निधन झालं, त्यानंतरही त्यांचा चेहरा वापरला जात होता.

म्हणजे पूर्वी निदान खरा डॉक्टर बोलायचा. आता त्याचीही गरज उरलेली नाही, चेहरा पुरतो. आणि तो चेहरा चालतो, कारण 'टीव्हीवरचे डॉक्टर औषध सुचवतात' याची सवय आपल्याला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लागून गेली आहे. काकांना त्या व्हिडिओत विचित्र काहीच वाटलं नाही ते यामुळेच.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे कायदा आहे, आणि तो चांगलाच कडक आहे. १९५४ चा औषधे आणि जादूटोणायुक्त उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, रक्तदाब अशा अनेक आजारांवर औषधाची जाहिरात करायलाच मनाई करतो. म्हणजे 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात दिसली की ती खरी की खोटी हे तपासत बसण्याआधीच ती बेकायदा आहे, हे समजून घ्यावं.

भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २००९ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार डॉक्टरने कोणत्याही औषधाची किंवा कंपनीच्या उत्पादनाची जाहीर शिफारस करायची नाही. पांढरा कोट घालून कुणी डब्याची किंवा बाटलीची तारीफ करत असेल, तर एक तर तो डॉक्टर नाही किंवा तो नियम मोडतो आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी उत्पादकाबरोबर शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे.

आणखी एक गोष्ट घराघरांत फसवते. बाटलीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि आपण म्हणतो, "सरकारमान्य आहे." हा क्रमांक चिवड्याच्या पाकिटावरही असतो. तो खाद्यपदार्थ विकण्याचा परवाना आहे, आजार बरा होतो याचं प्रमाणपत्र नव्हे. अशा पूरक उत्पादनांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं नियमाने बंधनकारक आहे. काकांच्या बाटलीवरही ते होतं, मागच्या बाजूला, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

घरी काय करता येईल

मोठ्यांना 'तुम्हाला काय कळतं' असं म्हणून उपयोग होत नाही. काकांना तसं म्हटलं असतं तर पुढची बाटली त्यांनी कपाटात लपवली असती. मी त्यांच्याबरोबर बसून चार गोष्टी एका कागदावर लिहिल्या. तो कागद आता त्यांच्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला चिकटवलेला आहे.

पहिली : हा सांगणारा माझे रिपोर्ट पाहून सांगतोय का? माझी साखर, माझं क्रिएटिनिन, माझ्या चालू गोळ्या त्याला माहीत नसतील, तर त्याचा सल्ला माझ्यासाठी नाही, मग तो कितीही मोठा असो.

दुसरी : सल्ल्याच्या शेवटी काही विकत घ्यायचं आहे का? 'चाला' म्हणणाऱ्याला आपल्या चालण्यातून काही मिळत नाही.

तिसरी : चालू औषध बंद करायला सांगतोय का? तसं असेल तर तिथेच थांबायचं आणि आपल्या डॉक्टरांना फोन करायचा. थेंब घेऊन काकांचं जेवढं बिघडलं असेल, त्याच्या कितीतरी पट गोळ्या बंद केल्याने बिघडलं.

चौथी : पैसे गेले असतील तर लाज न बाळगता घरात सांगायचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० आहे. सायबर फसवणुकीत जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे परत मिळण्याची शक्यता जास्त.

काकांच्या फॅमिली डॉक्टरांनीही एक चांगली गोष्ट केली. रागावले नाहीत. म्हणाले, "पुढच्या वेळी असं काही दिसलं तर मला पाठवा, मी दोन ओळींत उत्तर देतो." तेव्हापासून काका आठवड्याला एखादा व्हिडिओ त्यांना पाठवतात, आणि डॉक्टर रात्री दवाखाना बंद करताना 'नको' एवढं लिहून टाकतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीत असा एखादा डॉक्टर असतो. त्याला विचारायला आपण संकोचतो आणि अनोळखी चेहऱ्यावर पटकन विश्वास ठेवतो, याची मात्र मला गंमत वाटते.

मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर महिन्यातून एक तास यासाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. ज्याने त्याने आपल्या फोनवर आलेली एक जाहिरात आणायची, ती सगळ्यांनी मिळून पाहायची आणि वरचे प्रश्न विचारायचे. फोन आणि प्रोजेक्टर जोडून द्यायचं काम माझ्याकडे. काकांनी पहिल्या बैठकीसाठी तीन व्हिडिओ जमवून ठेवले आहेत, आणि त्यांतला एक तरी आपण ओळखू शकणार नाही, अशी पैज ते लावायला तयार आहेत.